हार्ट फेल्युअर : थकलेले हृदय, तरुण संशोधक आणि पूर्व विदर्भापुढील प्रश्न

हार्ट फेल्युअर या शब्दप्रयोगाने जितका गैरसमज पसरवला, तितका वैद्यकातील क्वचितच दुसऱ्या संज्ञेने पसरवला असेल. ‘पेशंटचे हार्ट फेल झाले’ असे कानावर आले की घरची मंडळी रुग्ण गेला असेच समजतात. प्रत्यक्षात हृदय एकाएकी थांबणे, म्हणजे कार्डिअ‍ॅक अरेस्ट, ही वेगळी घटना आहे. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद होणे, म्हणजे हृदयविकाराचा झटका, ही आणखी वेगळी. हार्ट फेल्युअरमध्ये हृदय चालू असते. पण शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलणे त्याला जमत नाही, किंवा जमलेच तर त्यासाठी आतला दाब प्रमाणाबाहेर वाढवावा लागतो. मराठीत हृदयनिष्फलता, हृदयाची अकार्यक्षमता असे शब्द सुचवले गेले आहेत. तथापि दवाखान्यात डॉक्टर आणि रुग्ण दोघेही इंग्रजी शब्दच वापरतात, म्हणून या लेखातही तोच ठेवला आहे.

जगात सुमारे साडेसहा कोटी लोकांना हा विकार असावा, असा अंदाज आहे. भारतातील रुग्णांचे चित्र अलीकडेच नीट उभे राहिले. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील डॉ. एस. हरिकृष्णन यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय नोंदवहीत ५३ रुग्णालयांतील १०,८५१ रुग्णांची माहिती आहे. त्यांचे सरासरी वय साठच्या आसपास भरते; पाश्चात्त्य देशांतील रुग्णांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी. रुग्णालयात दाखल झाल्यापासून नव्वद दिवसांत १४.२ टक्के रुग्ण दगावले, म्हणजे साधारण सातांतील एक. त्याच संस्थेच्या आधीच्या, केवळ तिरुअनंतपुरमपुरत्या नोंदवहीतील रुग्णांपैकी पाच वर्षांनी ५९ टक्के हयात नव्हते. अनेक कर्करोगांचे आकडे यापेक्षा बरे आहेत. परंतु कर्करोगाचे नाव काढताच घरात जी शांतता पसरते, ती ‘हृदय थोडे कमजोर आहे’ या वाक्याने पसरत नाही.

शरीराचा उपायच अपाय ठरतो तेव्हा

धानाच्या शेतात एका बांधीतले पाणी पुढच्या बांधीत जाण्याची वाट अडली, तर ते वरच्या बांधीत तुंबत जाते. हृदयाच्या डाव्या बाजूचे काम मंदावले की रक्त असेच मागे, फुप्फुसात तुंबते. म्हणून चालताना धाप लागते, आडवे झाल्यावर श्वास कोंडतो आणि रात्री दोन-तीन उशा घेऊन अर्धवट बसून झोपावे लागते. उजवी बाजू थकली की पायावर सूज येते, यकृत वाढते, पोटात पाणी होते. भूक मंदावते आणि तरीही वजन वाढते. कारण ते वजन मांसाचे नसून पाण्याचे असते.

एवढ्यावर हा विकार थांबला असता तर मूत्र वाढवणाऱ्या गोळ्यांनी भागले असते. खरी गुंतागुंत पुढे आहे. मूत्रपिंडाला रक्त कमी पोहोचले की त्याचा समज होतो की शरीरात पाणीच कमी आहे. मग ते मीठ आणि पाणी धरून ठेवते. दुसरीकडे अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्ये हृदयाला आणखी जोराने पळवतात आणि रक्तवाहिन्या आवळतात. जखम होऊन रक्त वाहून जात असेल तर हीच व्यवस्था जीव वाचवते. दुबळ्या हृदयावर मात्र ती ओझे लादत राहते. महिनोन्‌महिने असे चालले की हृदयाच्या स्नायूत तंतू निर्माण होतात, कप्पे ताणले जातात आणि त्याचा मूळचा निमुळता आकार जाऊन ते गोलसर होते.

हृदय प्रत्येक ठोक्याला आपल्या डाव्या कप्प्यातील किती रक्त बाहेर टाकते, याच्या टक्केवारीला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. निरोगी माणसात ती साधारण ५५ ते ७० असते. ती ४० किंवा त्याहून खाली गेली तर आकुंचनाचा दोष आहे, हे स्पष्ट होते. परंतु हार्ट फेल्युअरच्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांची टक्केवारी ५० किंवा अधिक असते. त्यांचे हृदय आकुंचन पावते, पण ताठर झाल्याने नीट सैलावत नाही आणि भरत नाही. इको तपासणीच्या कागदावर ‘इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के’ असे वाचून ‘हृदय ठणठणीत आहे’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे आहे. या मुद्द्याकडे पुढे परत यावे लागेल.

पाठ्यपुस्तकाविरुद्ध एक तरुण डॉक्टर

या विकाराच्या संशोधनाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट नजरेत भरते. निर्णायक पावले अनेकदा पद-प्रतिष्ठा नसलेल्या तरुण डॉक्टरांनी उचलली आहेत. इंग्लंडच्या विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये डिजिटॅलिस या वनस्पतीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा ते तरुण नव्हते. आणि त्यांना तो उपाय मिळाला होता एका वृद्ध बाईच्या घरगुती काढ्यातून. मात्र १९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे आपल्याच दंडाच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवून, तशाच अवस्थेत चालत क्ष-किरण विभागात जाणारे वेर्नर फोर्समान जेमतेम पंचविशीचे होते. वरिष्ठांनी परवानगी नाकारली होती. पुढे त्यांना हृदयरोगाचा मार्ग सोडून मूत्ररोगाकडे वळावे लागले आणि १९५६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आज प्रत्येक अँजिओग्राफी त्या नळीचीच वंशज आहे.

आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील परिणाम मांडला, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठलेली नव्हती. उच्च रक्तदाब हे हार्ट फेल्युअरचे एक मोठे कारण, आणि त्या काळी त्यावर हाताशी उपाय जवळजवळ नव्हताच. या निबंधानंतर सर्पगंधेची दखल जगाने घेतली. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. सर्पगंधेतील रेझर्पिन हे द्रव्य आज फारसे वापरात नाही, पण रक्तदाब औषधाने कायमचा काबूत ठेवता येतो, हा विश्वास त्या निबंधानंतर बळावला.

सर्वांत बोधप्रद हकिकत मात्र स्वीडनची आहे. गोटेबर्ग येथील फिन वागस्टाइन हे १९७३ मध्ये पस्तिशीच्या आसपासचे डॉक्टर होते. हृदयाचा स्नायू दुबळा झालेली, फुप्फुसात पाणी भरलेली आणि नाडी भरधाव पळणारी एक रुग्ण त्यांच्यापुढे आली. बीटा ब्लॉकर या वर्गातील औषधे हृदयाचा वेग आणि जोर दोन्ही कमी करतात. म्हणून हार्ट फेल्युअरमध्ये ती वर्ज्य, असे पाठ्यपुस्तके निक्षून सांगत. आधीच दमलेल्या बैलाला आणखी ढिले कशाला करायचे, असा तो साधा विचार होता. वागस्टाइन यांचा विचार उलट होता. हा बैल दुबळेपणाने मरत नाही, तर सततच्या चाबकाने मरतो आहे. चाबूक काढून घेतला तर तो सावरेल. त्यांनी त्या वर्गातील औषध दिले. रुग्ण सावरली. १९७५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली.

सात रुग्ण म्हणजे पुरावा नव्हे, हा आक्षेप योग्यच होता, आणि तो वर्षानुवर्षे घेतला गेला. वैद्यकीय जगाने दिशा बदलायला जवळजवळ पाव शतक घेतले. १९९९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. एकीत २,६४७ रुग्णांवर बिसोप्रोलोल, दुसरीत ३,९९१ रुग्णांवर मेटोप्रोलोल वापरले गेले होते. दोन्हींत मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांनी घटले. काल वर्ज्य असलेले औषध आज न देणे ही चूक ठरू लागली. मधल्या काळात किती रुग्ण या औषधावाचून गेले असतील, याचा हिशेब कोणी मांडत नाही. मात्र नव्या कल्पनेला घाईने डोक्यावर घेतल्याचे दुष्परिणामही वैद्यकाने पुष्कळ पाहिले आहेत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. वागस्टाइन यांचे मोठेपण असे की कल्पना सुचल्यावर ते तिच्या मागे पुराव्यासाठी लागून राहिले.

बाकीच्या औषधांची कहाणी थोडक्यात सांगता येते. ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या गरळाच्या अभ्यासातून एसीई इनहिबिटर या वर्गाचा जन्म झाला. १९८७ मध्ये अवघ्या २५३ अतिगंभीर रुग्णांच्या चाचणीत एनालाप्रिलने सहा महिन्यांतील मृत्यू ४० टक्क्यांनी कमी केले. १९९९ मध्ये स्पायरोनोलॅक्टोन या जुन्या, स्वस्त गोळीने ३० टक्के मृत्यू टळतात असे दिसले. २०१४ मध्ये सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन ही जोडी एनालाप्रिलहून सरस ठरली. आणि मधुमेहासाठी बनवलेली डापाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे २०१९ पासून मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांनाही उपयोगी पडू लागली. त्यांचे मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये वेगळ्या केलेल्या फ्लोरिझिन या द्रव्यात आहे. ताठर हृदयाच्या, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन चांगली असलेल्या रुग्णांना ठामपणे लाभ दाखवणारी हीच पहिली औषधे. पेटंटची मुदत संपल्याने भारतात डापाग्लिफ्लोझिन २०२० पासून आणि एम्पाग्लिफ्लोझिन २०२५ पासून अनेक कंपन्या बनवू लागल्या व किमती उतरल्या.

यांपैकी पहिल्या तीन वर्गांची औषधे वर्षभर रेंगाळत न देता काही आठवड्यांतच पूर्ण मात्रेपर्यंत न्यावीत, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,०७८ रुग्णांच्या चाचणीने सांगितले. अशा रुग्णांपैकी सहा महिन्यांत मृत्यू वा पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण १५.२ टक्के राहिले. नेहमीच्या संथ पद्धतीत ते २३.३ टक्के होते. मात्र यासाठी रुग्णाला दर एक-दोन आठवड्यांनी तपासावे लागते, रक्तदाब, पोटॅशियम, क्रिएटिनिन पाहावे लागते. लाखांदूर वा साकोलीच्या आतल्या गावातून नागपूरला येणाऱ्या माणसासाठी ही अट औषधापेक्षा महाग पडते.

गुंतागुंती : हृदयापलीकडचे नुकसान

हार्ट फेल्युअरचा रुग्ण बहुधा केवळ हृदयाने जात नाही. त्याच्या हृदयाची लय बिघडते. वरचे कप्पे थरथरू लागले, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन झाले, तर आत गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते आणि अर्धांगवायू होतो. खालच्या कप्प्यांची लय बिघडली तर मृत्यू तत्काळ येतो. मूत्रपिंडाचे आणि हृदयाचे नाते तर सासू-सुनेसारखे. एकीचे बिनसले की दुसरीचे बिनसतेच. मूत्र वाढवणारी औषधे वाढवावीत तर क्रिएटिनिन चढते, कमी करावीत तर फुप्फुसात पाणी भरते. यकृतात रक्त तुंबून कावीळ दिसते, हातापायांचे स्नायू झिजतात, आतड्यावर सूज येऊन गोळ्याही नीट शोषल्या जात नाहीत.

यांतील एक गुंतागुंत फार काळ दुर्लक्षित राहिली. ती म्हणजे रक्तातील लोहाची उणीव. हृदयाच्या स्नायूला ऊर्जा निर्माण करण्यासाठी लोह लागते, आणि या रुग्णांत ते हिमोग्लोबिन ठीक असतानाही कमी असू शकते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४५९ रुग्णांच्या चाचणीत शिरेतून लोह दिल्यावर रुग्णांची चालण्याची ताकद आणि एकूण प्रकृती सुधारली. तोंडाने घेतलेल्या लोहाच्या गोळ्यांचा असा परिणाम मात्र दिसत नाही. तेव्हापासून हार्ट फेल्युअरच्या प्रत्येक रुग्णाचे फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन तपासावे, असा शिरस्ता पडत गेला. पूर्व विदर्भात मात्र हा शिरस्ता एका वेगळ्याच प्रश्नावर येऊन अडतो.

भंडारा जिल्हा आणि वाकडी रक्तपेशी

वैनगंगेच्या काठचा, धानाचा आणि मालगुजारी तलावांचा भंडारा जिल्हा १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यावर सात तालुक्यांचा उरला. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे बारा लाख. नागपूर साठेक किलोमीटरवर, आणि हृदयरोगाच्या विशेष उपचारांसाठी जिल्ह्याची वाट आजवर प्रामुख्याने तिकडचीच राहिली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यात एकाच वेळी सुरू झालेल्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत भंडाऱ्याचा समावेश आहे.

येथेही हृदय थकण्याची सामान्य कारणे इतरत्र असतात तीच : झटक्यात मेलेला स्नायू, वर्षानुवर्षे न तपासलेला रक्तदाब, मधुमेह, लहानपणीच्या घसादुखीतून उद्भवलेला झडपांचा संधिवाती विकार. त्यात बिडी आणि खर्रा यांची भर आहे. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे घोटलेले मिश्रण. तो तोंडाच्या कर्करोगामुळे बदनाम असला तरी त्यातील निकोटिन हृदयाला आणि रक्तदाबाला सोडत नाही. बाळंतपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा त्यानंतरच्या काही महिन्यांत होणारा हृदयस्नायूचा विकारही ध्यानात ठेवला पाहिजे. ‘बाळंतपणाची सूज आहे, उतरेल’ असे म्हणून तो अंगावर काढला जातो.

परंतु या पट्ट्याचे स्वतःचे म्हणावे असे कारण सिकलसेल आहे. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये प्रथम वर्णन केलेल्या या आनुवंशिक विकारात लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात आणि लवकर फुटतात. भारतात तो प्रथम १९५२ मध्ये निलगिरीत आढळला. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातील, नागपूरकडील रुग्णांची नोंद केली. आज नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द प्रयोगशाळेबाहेर, लग्न जुळवण्याच्या बोलण्यातही ऐकू येतात. एएस म्हणजे वाहक. त्याला सहसा त्रास नसतो. एसएस म्हणजे रुग्ण. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक अपत्य एसएस असण्याची शक्यता चारांत एक असते. हा विकार केवळ आदिवासींचा, ही समजूत या भागापुरती तरी सोडून द्यावी. अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो आहे.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी या भागातील बालरुग्णांवर केलेले काम महत्त्वाचे आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध कमी, ठरावीक मात्रेतही वेदनेचे झटके आणि रक्त देण्याची गरज घटवते, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. स्वस्त औषध, कमी मात्रा आणि कमी तपासण्या, असे हे समीकरण तालुक्याच्या रुग्णालयाला पेलणारे आहे. नवजात अर्भकांच्या तपासणीतून लवकर निदान झालेल्या मुलांचा मागोवाही या गटाने घेतला. अशी मुले पूर्वी लहानपणीच दगावत. आता ती मोठी होत आहेत, आणि मोठेपणी त्यांच्या हृदयाचे काय होते हा प्रश्न त्यांच्यासोबतच वयात आला आहे.

काय होते, हे आता बऱ्यापैकी माहीत आहे. हिमोग्लोबिन सात-आठवर स्थिरावलेल्या माणसाच्या हृदयाला तीच प्राणवायूची गरज भागवण्यासाठी रोज अधिक रक्त फिरवावे लागते. वर्षानुवर्षांच्या या जादा कामाने डावा कप्पा मोठा होतो. सूक्ष्म वाहिन्या वारंवार तुंबल्याने स्नायूत तंतू वाढतात व तो ताठरतो. फुटलेल्या पेशींतून रक्तद्रवात मोकळे झालेले हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते. वाहिन्या सैल ठेवणारे हे द्रव्य कमी झाले की फुप्फुसातील दाब वाढतो आणि उजवा कप्पा दमू लागतो. एवढे सगळे होत असताना इजेक्शन फ्रॅक्शन मात्र साठ टक्के दिसते. वर उल्लेख केलेला तो फसवा आकडा सिकलसेलच्या तरुण रुग्णात सर्वाधिक फसवतो.

अमेरिकेतील डॉ. मार्क ग्लॅडविन यांच्या गटाने २००४ मध्ये १९५ प्रौढ सिकलसेल रुग्णांची इको तपासणी प्रसिद्ध केली. उजव्या बाजूच्या झडपेतून उलट वाहणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला अडीच मीटर किंवा अधिक असलेले ३२ टक्के रुग्ण निघाले, आणि त्यांच्या मृत्यूचा धोका इतरांच्या दहापट होता. साधी, सुई न टोचता होणारी तपासणी एवढे सांगते म्हटल्यावर खळबळ उडणे स्वाभाविक होते. २०११ मध्ये फ्रान्समधील ३९८ रुग्णांच्या अभ्यासाने त्याला मुरड घातली. तेथेही इकोत २७ टक्के रुग्ण संशयित निघाले, पण हृदयात नळी घालून प्रत्यक्ष दाब मोजल्यावर फुप्फुसातील उच्च रक्तदाब केवळ सहा टक्क्यांत सिद्ध झाला. म्हणजे इको धोक्याची घंटा वाजवते. आग कुठे आहे ते पाहायला आत जावे लागते. फोर्समानची नळी येथेही कामी येते.

उपचारांची गाठ त्याहून अवघड आहे. फुप्फुसातील दाबासाठी इतर रुग्णांना उपयोगी पडणारे सिल्डेनाफिल सिकलसेलमध्ये वापरून पाहण्याची चाचणी २००९ मध्ये ७४ रुग्णांवरच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत वेदनेच्या झटक्यांनी दाखल होण्याचे प्रमाण वाढले. मूत्र वाढवणारी औषधे हार्ट फेल्युअरचा आधार. पण शरीरातले पाणी घटले की सिकलसेलच्या पेशी अधिक वाकतात. शिरेतून लोह देणे सामान्य हृदयरुग्णाला तारक. पण वारंवार रक्त चढवलेल्या एसएस रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साठलेले असते आणि ते हृदयाच्या स्नायूतही साचू शकते. रक्त द्यावे तर दमलेल्या हृदयावर द्रवाचा भार, न द्यावे तर प्राणवायूचा तुटवडा. मधुमेहाच्या नियंत्रणासाठी सर्रास केली जाणारी एचबीए१सी तपासणीही येथे खोटे समाधान देते. लाल पेशी लवकर फुटत असल्याने आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो.

हार्ट फेल्युअरच्या चार औषधवर्गांना मान्यता देणाऱ्या हजारो रुग्णांच्या चाचण्या सिकलसेलसाठी आखलेल्या नव्हत्या. तिशीतल्या, हिमोग्लोबिन आठ असलेल्या, धाप लागणाऱ्या माणसाला त्या औषधांपैकी कोणती, किती आणि कधी द्यावीत, याचे उत्तर बोस्टन वा गोटेबर्गमध्ये मिळणार नाही. तेथे असे रुग्ण बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत एवढ्या संख्येने उभे नसतात. भंडारा-नागपूर पट्ट्यातल्या तरुण हृदयरोगतज्ज्ञाला मात्र ते रोज दिसू शकतात. सिकलसेलच्या प्रत्येक प्रौढ रुग्णाचा इको वर्षाकाठी एकदा करून ठेवणे, हायड्रॉक्सियुरिया नियमित घेणाऱ्यांच्या आणि न घेणाऱ्यांच्या हृदयाची दहा वर्षे तुलना करणे, दाखल होण्याचे कारण हृदय होते की वेदनेचा झटका, हे स्वतंत्र नोंदवणे, अशा कामांना कोट्यवधींचा निधी लागत नाही. चिकाटी आणि नीट ठेवलेली नोंदवही लागते. वागस्टाइन यांनीही सात रुग्णांपासूनच सुरुवात केली होती. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी अभिप्रेत आहे. तपासणीनंतर सापडलेल्या प्रौढांच्या हृदयाकडेही याच अभियानातून पाहिले जावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

रुग्ण आणि घरच्यांसाठी

हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचे सर्वांत उपयुक्त उपकरण म्हणजे वजनकाटा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढ झाली तर ते पाणी आहे. सूज दिसण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. मीठ कमी म्हणजे केवळ ताटात वरून न घेणे नव्हे. लोणचे, पापड, सुकी मासळी आणि दुकानातला चिवडा-फरसाण यांतूनच ते अधिक जाते. बाजारात मिळणारे ‘कमी सोडियमचे’ मीठ पोटॅशियमचे असते. स्पायरोनोलॅक्टोन किंवा एसीई इनहिबिटर घेणाऱ्यांनी ते विचारल्यावाचून वापरू नये. अंगदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या शरीरात पाणी धरतात आणि मूत्रपिंड बिघडवतात. रोवणीच्या हंगामात कंबर धरली की याच गोळ्या पहिल्यांदा आठवतात, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते.

पारा पंचेचाळिशीकडे जाणाऱ्या येथील मे महिन्यात घाम, जुलाब वा उलट्या झाल्या तर मूत्र वाढवणाऱ्या गोळीची मात्रा तात्पुरती बदलावी लागू शकते. हा निर्णय डॉक्टरांचा. परंतु तो घेता यावा म्हणून चक्कर, कमी झालेली लघवी आणि उतरलेले वजन त्यांच्यापर्यंत त्याच दिवशी पोहोचले पाहिजे. बरे वाटले म्हणून बीटा ब्लॉकर एकदम बंद करू नये. लस घेण्याची संधी असेल तर फ्लू आणि न्यूमोनियाची लस घ्यावी. छातीतला संसर्ग हे रुग्ण पुन्हा दाखल होण्याचे नेहमीचे निमित्त असते.

सिकलसेलच्या रुग्णाला चालताना पूर्वीपेक्षा लवकर धाप लागू लागली, पाय सुजले किंवा शुद्ध हरपली, तर ‘रक्त कमी आहे म्हणून’ असे समजून केवळ रक्त चढवून घरी परतू नये; इको करून घ्यावा आणि अहवालात इजेक्शन फ्रॅक्शनसोबत झडपेतील उलट प्रवाहाचा वेग व डाव्या कप्प्याच्या सैलावण्याची नोंद आहे का, ते विचारावे. नागपूरला पाठवताना दिल्या जाणाऱ्या चिठ्ठीवर पाच गोष्टी असाव्यात : पॅटर्न एएस की एसएस, नेहमीचे हिमोग्लोबिन किती, आजवर किती वेळा रक्त दिले, हायड्रॉक्सियुरियाची मात्रा आणि सूज नसतानाचे वजन.